वादळाचे सतराशे साठ प्रकार

जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींमधली चांगली कोणती, हे ओळखण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं चष्मेवाल्याचं स्वतःबद्दल अगदी प्रामाणिक मत होतं. आणि का नसावं? त्याचा धंदाच तो होता. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड चौकट चढवायची, एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं, "आधीचं बरं की आताचं?" उत्तर आलं की पुन्हा नवी जोडी. असं करत करत माणूस आपोआप बरोबर नंबरावर येऊन थांबतो. जगातला कुठलाही प्रश्न असाच दोन-दोनच्या जोडीनं सुटतो, हे तो रोज जेवताना बायकोला ऐकवायचा.

"मग सांगा बघू, आजची भाजी बरी की कालची?" बायको विचारायची.

"दोन्ही छान," तो घाईघाईनं म्हणायचा. तेवढी अक्कल त्याला होती.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे त्याचे वडील. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. त्यांच्याकडे 'वादळ' नावाची काळी मोटारसायकल होती. पुढे अण्णा, मागे त्यांचा जोडीदार आणि जोडीदाराच्या खांद्यावर शिडी, अशी ही वरात उन्हापावसात तारा जोडत हिंडायची. शिडी सांभाळता सांभाळता जोडीदाराचं नावच शिडीकाका पडलं. त्या काळी वादळ म्हणजे वादळ. एकच गाडी, एकच रंग. दुकानदाराला काही विचारायची सोयच नव्हती.

पुढे दोघं निवृत्त झाले. गाडी भंगारात गेली, शिडीकाका घाटावरच्या गावी गेले आणि तिथे त्यांचे कान गेले. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिलेल्या या दोघांना आता एकमेकांशी फोनवर चार शब्द बोलता येत नव्हते. अण्णा इकडून घसा फोडायचे आणि शिडीकाका तिकडून "कोण बोलतंय? काही ऐकू येत नाही," असं म्हणून ठेवून द्यायचे.

अशात शिडीकाकांच्या मुलीचा निरोप आला. ती बाबांना परदेशी, आपल्या घरी न्यायला येणार होती. कायमचं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी निघणार होते.

अण्णा दोन दिवस कॅलेंडरपाशी घुटमळले. मग म्हणाले, "जायच्या आधी त्याला एकदा भेटून येतो. बसनं जाऊ या का आपण?"

"बस कशाला, अण्णा? मला नाहीतरी गाडी घ्यायचीच आहे. वादळच घेतो. तुम्हाला मागे बसवून थेट काकांच्या दारात उतरवतो."

अण्णांचा चेहरा असा उजळला की चष्मेवाल्याला स्वतःचाच अभिमान वाटला.

"मागे बसून? हे झकास होईल," अण्णा म्हणाले. "तो सारखा कुरकुरायचा. म्हणायचा, तुला सगळा रस्ता दिसतो, मला नुसती तुझी मान दिसते. बघू तरी मागून काय दिसतं ते."

"कुठली घेऊ?"

"कुठलीही घे. दोन चाकं आणि मागे बसायला जागा असली की बास."

इतकं सोपं काम होतं. कुठल्याही साध्या माणसानं ते एका दुपारी उरकलं असतं. पण चष्मेवाला साधा माणूस नव्हता ना!

शोरूममध्ये त्यानं सांगितलं, "एक वादळ द्या." विक्रीवाल्या बाईंनी त्याला वरच्या मजल्यावर नेलं. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वादळंच वादळं उभी होती. वादळ क्लासिक, वादळ नवी क्लासिक, वादळ रोड, वादळ रोड प्लस, वादळ रोड प्लस एस, वादळ अर्बन, वादळ अर्बन लाइट, आणि पुढे बाईंचाच श्वास संपला.

"यात फरक काय?" त्यानं विचारलं.

"इंजिन सगळ्यांचं तेच आहे, सर. हँडल वेगळं, सीट वेगळी, टाकीचा आकार, आरसे, डायल. कंपनी म्हणते, प्रत्येक माणसासाठी एक वादळ."

दुसरा कोणी घाबरला असता. चष्मेवाल्याचे डोळे चमकले. त्यानं क्लासिकवर बूड टेकलं, उठला, नव्या क्लासिकवर टेकलं आणि स्वतःलाच विचारलं, "आधीची बरी की आताची?" आताची बरी वाटली. मग नवी क्लासिक आणि रोड. मग रोड आणि रोड प्लस. संध्याकाळी शोरूम बंद करायची वेळ झाली तेव्हा तो कुठे मधल्या रांगेत पोचला होता.

पहिल्या आठवड्यात त्यानं रोड नोंदवली. दुसऱ्या आठवड्यात आरसे पटले नाहीत म्हणून ती बदलून अर्बन. मग अर्बनचं हँडल आखूड वाटलं म्हणून रोड प्लस. दर वेळी गाडी मिळायची तारीख पुढे सरकत होती. विक्रीवाल्या बाई पहिल्या दिवशी "या सर" म्हणाल्या होत्या. आता तो दारात दिसला की त्या शांतपणे पाणी पिऊन घ्यायच्या.

दुकानातही वादळच घोंगावत होतं. एका शिक्षिकाबाईंचे डोळे तपासताना त्यानं भिंग बदललं आणि तंद्रीत विचारलं, "काळं हँडल बरं की चमकतं?"

"मला हँडल दिसतच नाहीये हो," शिक्षिकाबाई काळजीनं म्हणाल्या. "ते कितव्या ओळीत आहे?"

घरी अण्णांनी शिडीकाकांना पत्र टाकून, वादळवरून मागे बसून येतोय, असं कळवूनही टाकलं होतं आणि ते रोज एकच प्रश्न विचारायचे. "आली का गाडी?"

"येतेय, अण्णा. घाई करून चालत नाही यात."

"अहो, माझ्याशी लग्न ठरवताना एकदा बघून हो म्हणाला होतात," बायको म्हणाली. "या लोखंडासाठी महिना लागतोय. अण्णांना बसनं पाठवून द्या नाहीतर."

"मी शब्द दिलाय त्यांना," तो म्हणाला. ते खरंच होतं, आणि तेच तर पुढे त्याला जास्त लागलं.

शेवटी तो शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी शिडीकाका जाणार होते. रोड प्लस तयार होऊन शोरूमच्या दारात उभी होती. चष्मेवाला बसला, किल्ली फिरवली, डायल उजळली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, हे आकडे कोणी काढलेत?"

"का हो, सर?"

"तीन आणि आठ सारखेच दिसतायत. तीनची तोंडं मिटत आलीयत. उन्हात माणसाला तीस कळेल की ऐंशी?"

बाईंनी वाकून पाहिलं. त्यांना तीन तीनसारखाच दिसत होता. पण ज्याची जन्मभराची भाकरीच अक्षरं आणि आकडे दाखवण्यावर, त्याला असला आकडा सहन होणार कसा? मागे वडील बसणार आणि आपण चुकीचा तीन बघत गाडी हाकणार? तो उतरला आणि पुन्हा वरच्या मजल्यावर गेला. एकेका गाडीची डायल लावून बघत तो अगदी कोपऱ्यातल्या वादळ नोव्हापाशी पोचला आणि थबकला. काय आकडे होते ते! मोकळे, ठसठशीत. आठ म्हणजे आठच.

"हीच," तो म्हणाला. "आजच्या आज."

"गोदामात एक आहे, संध्याकाळी घरी पोचवू. पण सर, या गाडीची मागची..."

"मागचं जाऊ द्या हो, बाई. माणसानं समोरचं आधी बघावं."

बाईंनी एक महिना सोसलं होतं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि कागद पुढे केले.

संध्याकाळी गाडी आली ती प्लॅस्टिकमध्ये नखशिखांत गुंडाळलेली. सकाळी अण्णांच्या हातूनच ते काढायचं असं ठरलं. अण्णा पहाटेच आंघोळ करून तयार. बूट चकचकीत, कामावर घालायचं ते जुनं जाकीट अंगात, डोक्यावर हेल्मेट. त्यांनी प्लॅस्टिक ओढलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"छान आहे रे," ते म्हणाले. "पण मी कुठे बसू?"

चष्मेवाल्यानं पाहिलं. पुढे एका माणसाची सीट होती. त्यामागे, जिथे दुसऱ्यानं बसायचं, तिथे एक गुळगुळीत, टणक, खाली उतरत गेलेलं झाकण होतं. अण्णांनी त्यावर हात ठेवला, तो घसरला.

"झाकणाखाली सीट असेल," चष्मेवाला म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

झाकण काढलं. खाली दोन पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर होता.

"दहा मिनिटं द्या, अण्णा. आत्ता सीट बसवून आणतो." तो तसाच सुटला. शोरूम उघडेपर्यंत बाहेर उभा राहिला. बाई आल्या, त्याला पाहून आधी पाणी प्यायल्या.

"सर, मी तेच सांगत होते. नोव्हा एकाच माणसासाठी आहे. तिला मागची सीट येतच नाही."

"रोड प्लसची बसवा."

मेकॅनिकनं बसवून पाहिली. बसली नाही. अर्बनची पाहिली, क्लासिकची पाहिली. इंजिन सगळ्यांचं तेच होतं, पण एकीचे बोल्ट दुसरीला लागत नव्हते. रोड प्लस कालच दुसऱ्या कोणी नेली होती. वरच्या मजल्यावरच्या नुसत्या दाखवण्यापुरत्या होत्या; इतक्या वादळांत आज मिळेल अशी दोन माणसांची एकही नव्हती.

तो घरी परतला तेव्हा ऊन चढलं होतं. अण्णा पायरीवर बसले होते. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं.

"मी म्हटलं त्यांना, काढून ठेवा, आत बसा," बायको हळू आवाजात म्हणाली. "म्हणाले, आता येईलच तो."

चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हेल्मेट काढलं आणि उठले.

"बसनं जातो," ते म्हणाले. "तू गाडी घेऊन मागून ये. निदान बघेल तरी तो."

अशी ती स्वारी निघाली. घाटात बस धूर सोडत पुढे आणि नवी कोरी नोव्हा धूर खात मागे. अण्णांना सगळ्यात मागची जागा मिळाली होती. ते मागच्या काचेतून त्याच्याकडे बघत होते. मागे बसल्यावर काय दिसतं ते त्यांना बघायचं होतं, आणि दिसत होता तो हा. एकदा त्यांनी हात हलवला. त्यानं हात हलवायला हँडल सोडलं, गाडी डगमगली, तसे अण्णा काचेआडून दटावू लागले.

शिडीकाकांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"तुम्हीच ना ते? तासभर झाला हो त्यांना जाऊन. मुलगी निघा निघा म्हणत होती, पण ते हलेनात. सकाळपासून फाटकावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, मला ऐकू यायचं नाही, पण वादळ वळणावर आली की फाटक थरथरेलच."

अण्णांनी फाटकावर हात ठेवला.

"तुमच्यासाठी एक वस्तू ठेवलीय," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे बोट केलं. भिंतीला ती शिडी टेकवलेली होती. "मी म्हटलं, एवढी मोठी शिडी ते नेणार कशी? तर हसले. म्हणाले, मोटारसायकलवरून येणार आहेत, मागे बसणारा धरेल. या वेळी मागे तोच आहे, कळू दे त्यालाही."

चष्मेवाला जमिनीकडे बघत राहिला. फक्त तासभराचा उशीर. त्या शोरूममध्ये पहिल्याच दिवशी डोळे मिटून कुठल्याही गाडीवर बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं.

"अण्णा, चुकलं माझं," तो म्हणाला.

"ते नंतर. धर तिकडून," अण्णा म्हणाले.

गाडी तिथेच ठेवून दोघं शिडी घेऊन बस थांब्याकडे निघाले. पुढचं टोक अण्णांच्या खांद्यावर, मागचं त्याच्या. रस्ता उताराचा होता, पण त्याला रस्ता दिसत नव्हता. उन्हानं रापलेली, सुरकुतलेली अण्णांची मान तेवढी दिसत होती. ती एवढी बारीक कधी झाली, हे त्याला माहीतच नव्हतं.

"काय दिसतंय मागून?" अण्णांनी न वळता विचारलं.

"तुमची मान."

"हं," अण्णा म्हणाले. "म्हणजे खोटं बोलत नव्हता तो."

शिडी बसच्या टपावर बांधली, अण्णा पुन्हा मागच्या काचेशी बसले. चष्मेवाला धावत जाऊन गाडी घेऊन आला आणि धूर खात घाट उतरू लागला. डोळे चुरचुरत होते, ते धुरानंच असं त्यानं ठरवून टाकलं. काचेतल्या अण्णांकडे बघवेना, म्हणून त्यानं नजर खाली डायलवर आणली.

वेग अठरा होता. आठ अगदी स्पष्ट दिसत होता.