आप्पांची ‘ती’

मल्हारी आप्पा बाजारातून परत येतात तेव्हा त्यांच्या उजव्या हातात भाजीची पिशवी असते आणि डाव्या हातात दगड. पिशवी दोन किलोची असेल तर दगडही दोन किलोचा. निपाणीच्या बाजारात नव्या माणसाला वाटतं, म्हातारा आता हा दगड कुणाच्या तरी डोक्यात घालणार. त्यामुळे कितीही गर्दी असली तरी आप्पांना वाट मिळते. “एका अंगाला वजन झालं की पाठ सोलवटती, गुरुजी,” असं ते मला सांगतात. पाठ त्यांची नव्हे, खेचराची.

आप्पा पहाडी तोफखान्यात होते. जिथं गाडी जात नाही तिथं तोफ न्यायची, तर ती खोलायची. नळी एका खेचरावर, चाकं दुसऱ्यावर, गाडा तिसऱ्यावर. माथ्यावर पोचलं की काही मिनिटांत जोडून उभी करायची. हे सगळं आप्पा आमच्या घरी कुकरवर करून दाखवतात. झाकण दारापाशी, शिट्टी खिडकीत, भांडं माझ्या मांडीवर. बायको डाळ लावायला येते तेव्हा रिंग सापडत नाही, आणि आप्पा तिलाच दरडावतात, “रिंग कंच्या खेचरावर हाय?”

त्यांच्या पेन्शनच्या पुस्तकात हुद्दा लिहिलाय ड्रायव्हर. गावाला वाटलं, मोठ्या गाड्या चालवल्या असतील. एका ऊसवाल्यानं भरवशानं ट्रकवर बोलावलं. आप्पा गेले आणि बॉनेटच्या डाव्या बाजूला ताठ उभे राहिले. मालक म्हणाला, “बसा की वर.” आप्पा म्हणाले, “ड्रायव्हर वर बसत न्हाय. जनावराच्या अंगानं चालतो.” ट्रकची नोकरी तिथंच संपली.

तर अशा आप्पांनी गेल्या वर्षी माझा जीव टांगणीला लावला.

गावातून फौजेत गेलेल्यांची नावं कोरलेला दगड चौकात उभारायचं ठरलं. मी समितीचा सेक्रेटरी, म्हणजे दोन्हीकडून शिव्या खायचा मानकरी. आप्पांनी लागोपाठ तीन अर्ज दिले. मजकूर एकच: ‘माझं नाव नको, तिचं घाला.’ आता आप्पा बिनलग्नाचे, त्यामुळे पहिल्या अर्जानं गावात चांगलीच खळबळ उडाली. ही ‘ती’ कोण? चौकशीअंती निघालं, आप्पांच्या तोफेची नळी वाहणारं खेचर.

मी पडलो मास्तर. म्हटलं, “आप्पा, खेचर नपुंसकलिंगी. ते खेचर.”

“तुमच्या व्याकरनात आसंल ते. दोर माझ्या हातात हुता, मला ती ‘ती’च हुती.”

“बरं, नाव काय तिचं? दगडावर घालायचं म्हणजे नाव पाहिजे.”

आप्पा चहा तसाच ठेवून उठून गेले. समितीनं हसत हसत तिन्ही अर्ज फाईलला लावले. मीही हसलो.

समितीला चिंता वेगळीच होती. वर मराठीतली नावं की कन्नडमधली? या प्रश्नावर आमच्याकडे सख्खे भाऊ पंगत मोडतात. शेवटी दोन्ही शेजारी शेजारी घ्यायची ठरली, तर डावीकडे कोण यावरून पुन्हा आठ दिवस गेले. दोन्हीकडच्यांनी टेप लावून अक्षरांची उंची मोजली. त्यात एकानं सांगितलं की समोरचे उद्घाटनाआधी काळं फासणार आहेत. समोरच्यांनाही कुणीतरी तेच सांगितलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी चौकात पोचलो तेव्हा दगडावर कापड होतं आणि दोन्ही अंगांना दोन घोळके. मधे फौजदार आणि चार पोलीस. चहावाल्यानं स्टोव्ह विझवून टपरीची अर्धी फळी ओढून घेतली होती. एकानं गुपचूप वीट उचलून पाठीमागं धरली, ती मी बघितली. पाहुणे यायला अर्धा तास होता. माझा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला.

आणि तेवढ्यात गल्लीतून आप्पा आले. एका हातात काळ्या रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश.

काळा रंग घेऊन फलकाकडे निघालेल्या माणसाचा सीमाभागात एकच अर्थ होतो. दोन्ही घोळके एकदम पुढं सरकले. “आप्पा, आपल्या अक्षराला हात लावू नगासा!” एक जण ओरडला. तेच दुसऱ्या बाजूनं कन्नडमध्ये ऐकू आलं. “ए अज्जा, निल्लू!” फौजदार गरजला. आप्पा थांबले नाहीत. चढावर जनावर चालवावं तशा एकाच चालीनं येत राहिले. फौजदारानं काठी आडवी घातली.

“साहेब, दोन्ही भाशा तशाच ठेवतो,” आप्पा म्हणाले. “खाली चार बोटं जागा हाय. तेवडी पुरं.”

फौजदारानं माझ्याकडे बघितलं. सगळ्या चौकानं बघितलं. आयुष्यात समितीला विचारल्याशिवाय मी पानाचा विडासुद्धा मागवलेला नाही.

“लिहू द्या,” मी म्हणालो.

आप्पांनी कापड वर केलं, गुडघे टेकले. पहिलं अक्षर कुठल्या लिपीतलं येतंय ते बघायला दोन्ही घोळके माना लांब करून उभे. मग एक आकडा आला. दुसरा. तिसरा. 417. इंग्रजी आकडे! मराठी म्हणावेत तर नाहीत, कन्नड म्हणावेत तर नाहीत. भांडायचं कशावर, तेच कुणाला सुचेना. विटेवाल्यानं वीट हळूच गटारात सोडली.

“काय हाय हे, अज्जा?” फौजदारानं आपल्या मोडक्या मराठीत विचारलं.

“तिच्या खुरावर डागल्याला नंबर.”

पाहुणे आले, हार पडले, भाषणं झाली. त्या आकड्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. गर्दी पांगल्यावर मी आप्पांना देवळाच्या कट्ट्यावर बसवलं. तेव्हा विचारलं, “नावच घालायचं होतं ना? मग नंबर का?”

“नाव न्हवतंच, गुरुजी. नंबरावर काम चालायचं. आनि मी भ्यालोतो. नाव ठिवलं की जीव लागतोय. लागायचा तो लागलाच.” बोटांवरचा काळा रंग ते धोतरानं पुशीत होते. “बर्फातली वाट. मागचा पाय सुटला तिचा. पाठीवर नळी. हवालदार वरडला, दोर सोड! मी सोडला. पन ती लगीच न्हाय गेली. खाली खडकाला आडकून उभी हुती, तोंड दरीकडं करून. हाक मारली आसती तर वळली आसती, चढली बी आसती. पन काय म्हनून मारू हाक? चारशे सतरा म्हनून?”

समितीत हसलो होतो ते आठवून मला फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “आप्पा, आता ठेवा नाव. तुम्ही सांगाल ते कोरून घेतो. समितीला मी बघतो.”

आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आजवर त्यांनी मला असा कधी हात लावला नव्हता.

“रोज एक ठिवतोय, गुरुजी,” ते म्हणाले. “एकाला बी वळत न्हाय ती.”