सात बोटांचा उस्ताद

एका जंगलात, बाळांनो, मशीन आलं. झाड कापायचं मशीन. दोरी ओढली की भुर्रर्र करायचं, आणि साखळीचे दात असे धावायचे की हत्तीसुद्धा चार पावलं मागे सरायचा.

मशीनबरोबर एक कागद आला होता. त्यावर दोन्ही हातांनी मशीन धरल्याचं चित्र होतं. त्या कागदावर माकडांनी भेळ खाल्ली. हसता काय? तुमच्या मिक्सरबरोबर आलेला कागद कुठे आहे, विचारा बरं आईला.

बाजीबा वानर मात्र हुशार. तो मशीन एकाच हाताने चालवायचा. डाव्या हाताने फांदी धरायची, उजव्या हाताने कापायची. खालून सगळे ओरडायचे, "वा उस्ताद!" पहिल्या वर्षी डाव्या हाताचं एक बोट गेलं. दुसऱ्या वर्षी दुसरं. तिसरं कधी गेलं, ते त्यालाही नीट आठवत नव्हतं. उरलेली दोन बोटं मिशीला पीळ द्यायला पुरत होती.

आता शहाणं जंगल काय म्हणालं असतं? आमचं जंगल म्हणालं, "तीन बोटं गेली! केवढा हा अनुभव!"

तेव्हापासून रीतच पडली. झाड कापायचं काम मागायला कोणी आलं की म्हणायचं, "हात दाखवा." नऊ बोटं असली तर शिकाऊ. आठ असली तर कारागीर. सात म्हणजे उस्ताद. आणि दहा? दहावाल्याने घरी बसावं.

घरी बसलेला एकच होता. भागुजी अस्वल. त्याची दहाच्या दहा बोटं जागेवर होती. बिचारा चारचौघांत हात पाठीमागे लपवायचा.

एकदा वाऱ्याने ऐनाच्या झाडाची मोठी फांदी मोडली आणि वरच अडकून लोंबू लागली. तिच्या बरोबर खाली चंद्रा खारीची ढोली. ढोलीत तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. एकेकाला तोंडात धरून हलवावं, तर बाकीच्या ढोल्यांत घोरपडी आणि साप. फांदी पडली की ढोलीचा चुराडा. चंद्राने खालून जाणाऱ्या भागुजीला हाक मारली.

भागुजी म्हणाला, "ताई, मी कापतो की. आधी फांदीला दोर बांधू. मग दोन्ही हातांनी मशीन धरून तुकडं करू. तासभर लागंल, पन पिल्लांना धक्का नाही लागायचा."

"दादा, लवकर करा हो!" चंद्रा म्हणाली.

पण मशीन होतं समितीच्या ताब्यात. जंगल सुरक्षा समिती. अध्यक्ष गवेसाहेब. त्यांनी भागुजीचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"दहा बोटांच्या इसमास मशीन देता येत नाही," ते म्हणाले. "उद्या सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन आहे. ती फांदी उस्तादच कापतील. प्रात्यक्षिक म्हणून!"

"एका हाताने?" चंद्राने विचारलं.

"ताई, दोन हातांनी काय, कोणीही कापेल."

दुसऱ्या दिवशी ऐनाखाली मांडव पडला. खुर्च्या आल्या, माईक आला, हार आले. सशांनी स्वागतगीत म्हटलं. चंद्रा मात्र ढोलीचं तोंड अंगाने झाकून बसली होती.

उस्ताद सरसर वर चढला. शेपटीने वरच्या फांदीला विळखा घातला. मशीन भुर्रर्र! आणि दुसरा हात? दुसरा हात मिशीवर.

"बघा!" गवेसाहेब माईकवरून गरजले. "केवढा हा आत्मविश्वास!"

तेवढ्यात मशीनचं टोक शेजारच्या फांदीला लागलं. मशीन असं उसळलं, असं उसळलं! ते एका हाताच्या बापालाही आवरेना. आधी डावी मिशी गेली. मग शेपटीचा शेंडा गेला. शेपटी सुटली तसा उस्ताद आला तो थेट गवेसाहेबांच्या पाठीवर. साहेब उधळले, ते मांडवाच्या खांबाला जाऊन धडकले. धडाड्! ससे, खुर्च्या, हार, सगळ्यांवर मांडवाचं कापड. कापडाखालून साहेबांचा आवाज येतच होता, कारण माईक त्यांनी सोडला नव्हता. "घाबरू नका! हा प्रात्यक्षिकाचाच भाग आहे!"

वर फांदी आता सालीच्या एका पट्टीवर लोंबत होती. करकर वाजत होती.

"भागुजीदादा!" चंद्रा किंचाळली. "माझी पिल्लं!"

भागुजीने गवतात बंद पडलेलं मशीन उचललं. वर गेला. घाई असूनही आधी स्वतःला दोराने बांधलं, मग फांदीला. पाय रोवले, दोन्ही हातांनी मशीन धरलं. एक तुकडा, दोन तुकडे, तीन तुकडे. प्रत्येक तुकडा दोराने अलगद खाली सोडला. पिल्लांची झोपही मोडली नाही. चंद्राने अस्वलाच्या भल्यामोठ्या पंजावर डोकं टेकलं आणि पोटभर रडली.

पण बघायला होतं कोण? सगळे कापडाखाली!

ते बाहेर आले, तर फांदी गायब. गवेसाहेब म्हणाले, "पाहिलंत? उस्ताद पडता पडता फांदी कापून गेले!"

"खोटं!" चंद्रा ओरडली. "फांदी भागुजीदादांनी कापली!"

साहेब समजुतीने हसले. "ताई, त्यांची बोटं मोजा. दहा. अहो, अनुभव कुठे दिसतोय?"

मग उस्तादाचा जंगी सत्कार ठरला. शाल आली, नारळ आला. आणि टाळ्यांची वेळ झाली, तेव्हा घोटाळा झाला. पुढच्या रांगेत उस्तादाचे चेले बसलेले. कोणाची आठ बोटं, कोणाची साडेसात. एकाने तर हात गळ्यात बांधलेला. टाळ्या काही वाजेनात.

साहेबांनी ताबडतोब ससा धाडून भागुजीला बोलावून घेतलं.

"तुमच्या हातांना आम्ही काम देत नाही अशी तक्रार होती ना?" ते म्हणाले. "बसा पुढे. वाजवा."

तात्पर्य: बाळांनो, बोटं जपा. मशीन नेहमी दोन्ही हातांनी धरा. उस्तादांच्या सत्काराला टाळ्या वाजवायला कोणीतरी धडधाकट लागतंच.