तीनशे वर्षांचा काळेपणा

हेडक्लार्क संतापाने लालबुंद झाले होते. जी जुनी तांब्याची सुरई बघायला संध्याकाळी खुद्द साहेब घरी येणार होते, ती ओट्यावर लखलखत होती.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

"घासली. लिंबू-मीठ लावून. साहेबांसमोर काय काळंकुट्ट भांडं ठेवायचं?"

"तीनशे वर्षांचा काळेपणा होता तो! राजे आले नि गेले, कुणाची हात लावायची छाती झाली नाही. आणि तू..."

"तीनशे वर्षांत एकाही बाईला भांडं घासावंसं वाटलं नाही? मला नाही पटत."

उत्तर बिनतोड होतं, म्हणून हेडक्लार्क आणखीच भडकले. (आपलं चुकतंय असं वाटलं, की त्यांचा आवाज चढतो.) साहेबांना जुन्या वस्तूंचं वेड. या सुरईच्या काळ्या रंगाचं वर्णन ऐकूनच तर ते बढतीसाठी शब्द टाकायला तयार झाले होते. आता बढती जाणार आणि वर थापाड्या म्हणून नाव होणार!

दातओठ खात त्यांनी सुरई आत नेऊन बाथरूमची कडी लावली. मेणबत्तीचा धूर दिला, तव्याची काजळी फासली. शेवटी बुटाचं पॉलिश चोळलं.

"माझं फडकं घेतलं नाहीत ना?" बायको बाहेरून ओरडली.

(फडकं नाही. तिचा नवा टॉवेल.)

साहेब आले. त्यांनी सुरई उचलली, हुंगली, नखाने खरवडली.

"पॉलिश?"

हेडक्लार्कांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "साहेब, हिने घासून टाकली हो!"

साहेबांनी हळूच दार लोटलं. "आमच्या हिनेही. परवा. कपाटभर भांडी! सासऱ्यांनी दिलेली आहेत, आणि ते रविवारी येताहेत. तुमचा हात छान आहे. शनिवारी येता?"

हेडक्लार्क गेले. सासरे खूश झाले. मग साहेबीणबाईंनी पुन्हा भांडी घासली, हेडक्लार्क पुन्हा गेले. असे कित्येक शनिवार गेल्यावर त्यांनी धीर करून बढतीचा विषय काढला.

"छे!" साहेब दचकले. "बढती म्हणजे बदली आलीच. मग आमची भांडी कोण काळी करणार?"

बढती शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कला मिळाली. हेडक्लार्क तणतणत घरी आले आणि सगळा राग त्या सुरईवर काढत स्वतःच ती घासत बसले. हात दुखेपर्यंत घासली.

बायकोने ती उचलून उलटी करून पाहिली.

"बूड राहिलंय," ती म्हणाली.