रूटचा मान

बाळांनो, जवळ सरका. एका जंगलात पाणवठा एकच होता आणि त्याच्या फाटकावर संगणक बसवला होता. वाघाची पाळी संपली की फाटक बंद व्हायचं. हरणांची आली की उघडायचं. दोघांची गाठ पडत नसे, म्हणून जंगल टिकून होतं.

तो संगणक सांभाळायला चित्कला नावाची खार आली. दूरच्या जंगलात चार वर्षं राहून तिने संगणक-व्यवस्थापनाचं प्रगत शिक्षण घेतलं होतं. आल्या आल्या तिने सभा बोलावली.

“ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार!” तिचे डोळे चमकत होते. “हरिणीने आपल्या छोट्या खात्यातून फक्त आपल्या पाळीला फाटक उघडायचं. इतरांचंही तसंच. सगळं बदलायचा अधिकार एकालाच. त्याला रूट म्हणतात.”

रानडुक्कर दौलतराव उठले. “आणि आम्ही?”

“काका, तुम्हाला फाटकापुरताच अधिकार लागतो.”

“लागण्याचा प्रश्न नाही, पोरी. मानाचा आहे. पाणवठ्याचा पहिला नारळ आमच्या घराण्याचा!”

दौलतराव रुसून बसले. रुसवा काढायची आज्ञा चित्कलाच्या अभ्यासक्रमात नव्हती. शेवटी शाल, श्रीफळ आणि रूट देऊन तिने त्यांना उठवलं.

लगेच कोल्हीणबाई फणकारल्या, “डुकराला रूट, आणि आम्ही काय वाटेवर पडलोय?”

आठवड्याभरात सगळे रूट झाले. रूट मिळाल्यावर साधं खातं कोण ठेवणार? सगळ्यांनी आपापली खाती पुसून टाकली. फक्त हरिणीने काही मागितलं नाही. तिला तहानलेलं पाडस होतं. रुसायला वेळ नव्हता.

मानकऱ्यांनी सकाळच्या गार पाळ्या आपल्या नावावर केल्या. दुसऱ्याने त्या बदलू नयेत म्हणून आत असतानाच प्रत्येकाने त्या एकाच रूटचा पासवर्डही बदलला. सर्वांत शेवटी बदलला दौलतरावांनी. आणि ते विसरले.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडेना. ऊन चढलं. चित्कलालाच तिचं यंत्र आत घेईना. पाडसाची जीभ कोरडी पडली.

“काका, आठवा ना!”

“मानाची माणसं पासवर्ड आठवत बसत नाहीत.”

भर दुपारी हरिणीची पाळी आली. ती उन्हाची पाळी कोणालाच नको होती, म्हणून तशीच राहिली होती. हरिणीने आपलं छोटं खातं उघडलं. फाटक करकरलं. पाडस पाण्याकडे धावलं, मागून वाघ सोडून सगळं जंगल.

“बघितलंत?” चित्कला आनंदाने रडू लागली. “अधिकार थोडा होता, म्हणून टिकला!”

सगळ्यांना पटलं. चित्कलाने संध्याकाळपर्यंत यंत्र नव्याने उभं केलं.

“अशी हरिणी होणे नाही,” दौलतराव गहिवरले. “हिचा मान झालाच पाहिजे.”

मग टाळ्यांच्या कडकडाटात हरिणीला रूट करण्यात आलं. तिचं छोटं खातं पुसलं.

“मग उद्या फाटक कोण उघडणार?” हरिणीने विचारलं.

“अगं, आता तू मानकरी!” कोल्हीणबाई म्हणाल्या. “फाटकं उघडणं तुला शोभतं का?”

तात्पर्य : जो काम करतो त्याचा वेळीच सत्कार करावा, म्हणजे ते काम पुन्हा होत नाही.