बिल्लेवाले तात्या

आमच्या शेजारच्या तात्यांकडे चहाला बसलात, तर कपाच्या कानाला तारेने बांधलेला पत्र्याचा बिल्ला आधी तुमच्या बोटाला टोचतो, मग चहा मिळतो. कपाला बिल्ला, छत्रीला बिल्ला, दोन्ही चपलांना बिल्ला, शेळीच्या गळ्यात बिल्ला. देवाच्या घंटेलाही होता, पण तो घंटेआधी वाजायचा म्हणून काकूंनी काढून फेकला. प्रत्येकावर खिळ्याने ठोकून काढलेला नंबर. कुठला नंबर कशाचा, हे तात्या झोपेतून उठवलं तरी सांगतील.

तात्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी आली की तिला बिल्ला अडकवायचा, रिकामी होऊन निघाली की काढून घ्यायचा. आपल्या काळात एकही गाडी हरवली नाही, असं ते छाती फुगवून सांगतात. बैलांसकट गाडी हरवून जाणार कुठे, असं मी एकदा विचारलं होतं. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि तो आठवडा मला बरा गेला.

"बिल्ला कुठंय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. नवी सायकल घ्या, नवी कळशी आणा, तात्या चष्मा वर करून विचारणार, "बिल्ला कुठंय?" पलीकडच्या आळीत बारशाला गेले, पाळण्यात वाकून पाहिलं आणि तिथेही हेच विचारलं. त्या बाळाची आजी अजून त्यांना पाहिलं की पदर सावरून दुसऱ्या बाजूने जाते.

अशा माणसाच्या पोटी सुधाकर जन्मला. हुशार निघाला, इंजिनियर झाला आणि अमेरिकेला गेला. तिथे ज्या कंपनीत लागला, तिचं काम ऐकून तात्यांना आभाळ ठेंगणं झालं. विमानतळावर लोकांच्या बॅगांना लावायचे रेडिओचे बिल्ले ती कंपनी बनवत होती. मग काय विचारता! सलूनमध्ये अर्ध्या दाढीवर बसून तात्या अख्ख्या देवळाली प्रवरेला समजावून सांगू लागले.

"आता काय करत्यात, बॅगला कागदाची चिठ्ठी लावत्यात. तिच्यावर काळ्या रेघा. त्या मिशीनला दिसल्या पायजेत. चिठ्ठी मळली, फाटली, खाली दबली, की बॅगला मालक न्हाई. सुधाचा बिल्ला दिसायला नको. त्यो रेडिओवानी आतून सांगतो, मी हितं हाय, मला अमक्या इमानात टाका."

"मंग आमच्या शेळीला लावा की एक," न्हावी म्हणायचा.

"हसा तुमी. पन डोकं कुनाचं? माजं. मी पत्र्याचा लावला, त्यानं रेडिओचा."

नशिबाचा खेळ असा, की हरवली ती त्याच सुधाकरची बॅग. एकदा तो सुट्टीला आला होता. परत जाताना काकूंनी त्याची बॅग भरली. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, कैरीच्या लोणच्याची बरणी. तात्यांनी मुठीला स्वतःच्या हाताने बिल्ला बांधला. वाटेत विमान बदललं. सुधाकर पोचला, बॅग पोचली नाही. तो तेव्हा घर बदलत होता, म्हणून तक्रारीत त्याने पत्ता गावचा दिला. बॅगेची खबर आली तर आता ती तात्यांकडे येणार होती.

त्याच वर्षी थंडीत काकू गेल्या. सुधाकर आला नाही. कुठल्याशा विमानतळावर त्या रेडिओच्या बिल्ल्यांची चाचणी चालू होती, त्याला निघता येईना. त्या दिवसांत तिथली एकही बॅग वाट चुकली नसेल. इथे आईला अग्नी पुतण्याने दिला.

तात्यांकडे फोन नाही. आमचा नंबर त्यांचा पी.पी. नंबर, म्हणजे फोन आमच्या घरी येणार आणि धावत जाऊन मी त्यांना बोलावणार. काकू गेल्यापासून सुधाकर दर रविवारी सकाळी फोन करू लागला. मी अंगाला तेल लावून बसलेलो असतो, तेवढ्यात घंटी वाजते. तात्या धुतलेलं धोतर नेसून येतात, फोन दोन्ही हातांनी धरतात आणि अमेरिकेपर्यंत तारेशिवाय ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. विषय एकच.

"न्हाई रे, अजून न्हाई आली! त्या इमानवाल्यांना लाज हाय का काय? पन आईक, आज मला आठवलं. बॅगच्या डाव्या अंगाची शिवन उसवल्याली हुती. व्हय, डाव्या. लिहून घे."

पुढच्या रविवारी त्यांना कुलपाची किल्ली वाकडी असल्याचं आठवायचं. त्याच्या पुढच्या रविवारी आतल्या बाजूचा शाईचा डाग. वर्ष उलटून गेलं, तरी ह्यांची आठवण आटेना. काल काय जेवलो ते ज्यांना सांगता येत नाही, त्यांना बॅगेवरचा ओरखडा आठवतो! माझी बायको कौतुक करायची. मला मात्र वैताग यायचा. बाप-लेक इतके बोलतात, पण त्यात ना काकूंचं नाव, ना एकमेकांची चौकशी. नुसती बॅग.

ह्या पावसाळ्यात एका रविवारी फोन वाजला, तेव्हा तात्या तापाने फणफणले होते. मी सुधाकरला तसं सांगितलं.

"अरेरे, काळजी घ्या म्हणावं," तो म्हणाला. "गुरुजी, बॅगेचं काही कळलं का? त्याचं काय आहे, मी कंपनीत मोठ्या लोकांसमोर माझीच बॅग उदाहरण म्हणून सांगतो. ती नेमकी कुठे चुकली ते कळलं ना, तर माझं फार मोठं काम होईल."

तोंडावर आलेली शिवी मी गिळली. बापाला ताप किती आहे, हे त्या शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. तो म्हणाला, अर्ध्या तासाने पुन्हा करतो, तात्यांना आणून बसवा. मी तणतणत शेजारी गेलो.

गेले कित्येक महिने तात्या कुणालाही ओट्यावरच बसवत, घरात घेत नसत. आज दार नुसतं लोटलेलं होतं. तात्या खाटेवर गोधडीत पडले होते. खाटेवरून लोंबणारं गोधडीचं टोक वर सरकलं होतं आणि खाटेखाली एक हिरवी बॅग होती. मुठीला पत्र्याचा बिल्ला. बाजूला कागदाची चिठ्ठी, तेलाने पिवळी झालेली. तिच्यावरच्या रेघा पार गेल्या होत्या. खोलीभर लोणच्याचा वास होता.

"तात्या, ही कधी आली?"

त्यांनी आधी गोधडी खाली ओढायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

"तुमी तिसगावला लग्नाला गेल्ता न्हाई का, तवा. टेम्पोनं आनून टाकली." ते उठून बसले. "बरनीला चीर गेल्ती, गुरुजी. तेल झिरपलं, चिठ्ठी गेली. सुधाच्या आईच्या लोनच्यानं बॅग हारवली, आसं त्या मोठ्या लोकाम्होरं कसं सांगू द्यायचं?"

"आणि उघडली नाहीत?"

"तिनं त्याच्यासाठी भरली. मी कशाला उघडू?"

"मग निदान आली एवढं तरी सांगायचं! पोरगं दर रविवारी विचारतंय."

"म्हनून तर सांगत न्हाई," तात्या म्हणाले. "बॅग घावली म्हनल्यावर रविवारचं काय इचारील त्यो?"

मला सुधाकरचा असा राग आला, की समोर असता तर कानाखाली दिली असती. आणि तात्यांचं इतकं वाईट वाटलं, की तेही मला सहन होईना. हा माणूस आठवडाभर ह्या बॅगेसमोर बसायचा, तिची एकेक खूण शोधायचा आणि रविवारी एकच सांगायचा.

तात्यांनी मफलर गुंडाळला, चपला शोधल्या. फोनची वेळ होत आली होती. कुणी पाहू नये म्हणून बॅग आत ढकलायला मी वाकलो, तर ती सरळ जाईना, कोपऱ्याकडे वळू लागली.

"आज काय सांगणार?" मी विचारलं.

"मुठीला तिनं लाल दोरा गुंडाळल्याला, त्यो."

"तात्या, हिचं एक चाक तिरकं आहे. हे सांगितलंत का?"

ते दारात थांबले.

"न्हाई," ते म्हणाले. "ते दिवाळीला ठिवलंय."