टायरचं वय विचारणारे निपाणीकर अण्णा

निपाणीकर अण्णांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या टायरचं वय विचारलं होतं.

बंगळूरला मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी नुकतीच भाड्यानं राहायला आले होते. नागपूर सोडून वर्ष झालं होतं, ऑफिस हेब्बाळला होतं, आणि रोजच्या ऑटोवाल्यांशी घासाघीस करून जीव विटला होता. म्हणून घरी कुणालाही न सांगता मी एक जुनी मोटरसायकल घेतली. तोवर माझी मजल स्कूटीपुढे गेलेली नव्हती. गाडी ढकलत फाटकातून आत आणत होते, तेवढ्यात पांढरा लेंगा आणि बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ पायऱ्या उतरून आले. माझ्याकडे न बघता मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवू लागले.

"आठ वर्षं," ते म्हणाले.

"काय?"

"ह्याचं वय. हे चार आकडे नोड. बघ, बघ. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. नक्षी शाबूत आहे म्हणून विकणाऱ्यानं 'नवाच आहे' असं सांगितलं असेल तुला. नक्षीला काय चाटायचंय? रबर वाळून गेलंय. ओल्या रस्त्यावर साबणासारखा सटकेल. आजच बदल. मी सांगितलं नाही असं व्हायला नको." मग ते उठले, गुडघे चोळले आणि म्हणाले, "नाव काय तुझं?"

अण्णा सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांचे आजोबा इकडे आले, त्यामुळे घरात मराठी असली तरी तिच्यात कानडी पेरलेलं. 'थोडं'ला ते 'स्वल्प' म्हणत, आणि बोलणं संपलं की 'सरी' म्हणून शिक्का मारत. गल्लीत कुणीही नवी मोटरसायकल आणली की पेढ्याआधी अण्णा हजर. एका घरी पूजेचा नारळ फोडायच्या आत त्यांनी चाकातली हवा मोजली होती, आणि भटजींना पाच मिनिटं थांबवलं होतं.

गंमत म्हणजे ते स्वतः मोटरसायकल चालवत नसत. मागे बसतही नसत. कुठंही जायचं तर बस, नाहीतर मेट्रो. गल्लीतली पोरं त्यांना पाठीमागे 'कोरडे पोहणारे' म्हणत. मीही हसले होते.

पण मला शिकवायला दुसरं कोण होतं? पुढच्या रविवारपासून माझी शिकवणी सुरू झाली. पहिला धडा गाडी चालवण्याचा असेल असं मला वाटलं होतं. अण्णांनी ती अंगणात आडवी निजवली.

"उचल."

मी हँडल धरून ओढलं. गाडी हलेना.

"हातानं नाही, पायानं. गाडीकडे पाठ कर. खाली बस. एक हात हँडलला, एक सीटखालच्या दांड्याला. आता उभी राहा आणि मागं मागं चालत जा."

चौथ्या खेपेला गाडी उभी राहिली. खिडकीतून बघणाऱ्या अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, टाळ्या वाजवल्या. अण्णा गंभीरच. "जी गाडी पडल्यावर उचलता येत नाही ती आपली नव्हे. रंग बघून गाडी घेतात लोक. पाय दोन्ही टेकतात का, ते कोण बघतंय?"

हेल्मेटचं प्रकरण तर गाडीची कबुली दिल्यावर मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं मी घर बदलावं असं सुचवलं. दुकानात अण्णांनी मला सात हेल्मेट घालायला लावली. गाल दाबले जातील असं घट्ट हवं, पण कपाळावर टोचायला नको. निवडलेलं हेल्मेट घालून मी त्यांच्या दिवाणखान्यात अर्धा तास बसायचं होतं, कारण कुठं दुखतं ते अर्ध्या तासानंच कळतं. मी बसले. समोर अक्का शेंगा सोलत होत्या. कुरिअरवाला आला, त्यानं दारातून माझ्याकडे बघितलं, सही घेतली आणि काही न विचारता गेला. बावीस मिनिटांनी डाव्या कानामागे दुखायला लागलं. हेल्मेट परत गेलं, दुसरं आलं, पुन्हा अर्धा तास.

मग हातमोजे. "पडताना माणूस आधी हात टेकतो. तळहाताची कातडी गेली की महिनाभर पाण्याचा तांब्या उचलता येत नाही." घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट. ओढणी बंद. हवा भरायची ती सकाळी, टायर गार असताना. साखळी दर पंधरवड्याला जुन्या टूथब्रशनं घासायची, तेल द्यायचं, आणि खालच्या बाजूनं बोटानं उचलून बघायची. इंचभर हलली की ठीक, तटतटीत नको, लोंबती नको. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबायचा नाही. खड्ड्याकडे बघायचं नाही, कारण जिकडे नजर तिकडे चाक. आणि रोज सकाळी निघण्यापूर्वी ब्रेकच्या तारा बघायच्या. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज चढायचा. एकदा मी घाईत तशीच निघाले, तर अण्णा अनवाणी फाटकापर्यंत धावले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. मला त्यांचा खरंच राग आला होता.

तीन महिन्यांनी मी पडले. साधंच पडणं, रस्त्यावर झाडाच्या फुलांचा सडा पडला होता, त्यावरून वळताना चाक सरकलं. हातमोज्याचा तळवा फाटला, हात वाचला. कोपर खरचटलं. घरी आले तेव्हा "बघा अण्णा, तुमचे हातमोजे कामी आले," असं हसत सांगायचं मी ठरवलं होतं.

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. "ब्रेक लागला होता?"

"हो. पण फुलांवरून..."

"ब्रेक लागला होता का ते सांग. तार तुटली नाही ना?"

तीनदा विचारलं त्यांनी. मग गाडीपाशी जाऊन पुढचा ब्रेक दाबून दाबून बघत राहिले. कोपराला हळद अक्कांनी लावली.

त्यानंतर काही दिवसांनी अक्का जिन्यावर भेटल्या. "ऋचा, तुझं ऑफिस हेब्बाळला ना? अण्णांना एकदा तिकडे सोडशील? त्यांचा कारखान्यातला दोस्त, रंगप्पा, पुढच्या आठवड्यात कायमचा मुलीकडे म्हैसूरला चाललाय. घर रिकामं होतंय. त्यानं निरोप पाठवलाय, एकदा ये म्हणून. हे म्हणतात, बस सोयीची नाही. अगं, तिकडे ढिगानं बस जातात."

"पण अण्णा मागे बसतील?"

"विचारून बघ," अक्का म्हणाल्या. "मी विचारून थकले."

विचारल्यावर अण्णांनी माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला. मग म्हणाले, "सरी. शनिवारी."

शनिवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. अक्कांनी केळ्याच्या चिप्सचा डबा दिला. अण्णांसाठी मी मैत्रिणीचं हेल्मेट आणून ठेवलं होतं. त्यांनी आधी हवा मोजली. बरोबर होती. मग साखळी. मग दिवे. मग पुन्हा हवा.

"साखळी स्वल्प सैल वाटते. आज नको. उद्या बघू."

"अण्णा, साखळी काल तुम्हीच बसवलीत."

"मग आरसा. आरसा हलतोय."

आरसा हलत नव्हता. तरी ते तो पुन्हा पुन्हा पिळत राहिले. तेव्हा मला कळलं, की ह्यांना जायचंच नाहीये, हे घाबरलेत. मी गाडी स्टँडवर लावली आणि पायरीवर बसले. थोड्या वेळानं तेही शेजारी येऊन बसले.

"तीस वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "माझी मोटरसायकल होती तेव्हा. रंगप्पा आणि मी कारखान्यात एकाच शॉपमध्ये, एकाच विभागात. एक दिवस दुपारी त्यानं गाडी मागितली. बायको गावाहून येणार होती, तिला बसस्टँडवरून आणायचं होतं. मी चावी दिली. सकाळीच बघितलं होतं मी, पुढच्या ब्रेकच्या तारेचे तीन-चार धागे तुटलेले. म्हटलं, रविवारी बदलू. चावी देताना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोरमननं हाक मारली. मी गेलो."

ते थांबले. 

"समोर बैलगाडी आली. त्यानं ब्रेक दाबला, तार तुटली. उजवा गुडघा त्याचा वाकत नाही तेव्हापासून. दवाखान्यात मी रोज जायचो. पण ते सांगितलं नाही. पुढं पुढं तर भेटणंच टाळलं. तो बोलवायचा, मी काहीतरी कारण सांगायचो."

"त्यांना ठाऊक नाही?"

अण्णांनी नाही म्हणून मान हलवली.

मी उठले, हेल्मेट त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ब्रेकची तार बघून घ्या, आणि बसा."

त्यांनी दोन्ही ब्रेक बघितले. मग बसले. सगळा रस्ता त्यांनी मागचा दांडा इतका घट्ट धरला होता की गाडी जड लागत होती. एकही सूचना दिली नाही. मी एका ठिकाणी मुद्दाम पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबला, तरी नाही.

रंगप्पांच्या घरात खोकी बांधून ठेवली होती. ते स्वतः लाकडी खुर्चीत, एक पाय सरळ पुढे. अण्णांना बघून त्यांनी काठी खाली टाकली आणि दोन्ही हात पसरले. अण्णा वाकले नाहीत, बसलेही नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी कानडीत सगळं सांगून टाकलं. मला कानडी जेमतेम कळतं, पण 'ब्रेक' आणि 'बेळिग्गे', म्हणजे सकाळी, एवढं कळलं. 

रंगप्पा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. माझ्यासाठी असेल बहुधा, ते हळूहळू, सोप्या कानडीत बोलले.

"मला माहीत होतं रे. कारखान्याच्या फाटकापाशीच ब्रेक दाबून बघितला होता मी. धागे दिसले. म्हटलं, बसस्टँड तर इथंच आहे. बायको वाट बघत असेल." ते जरा हसले. "तू येईनास, तेव्हा मला वाटलं, गाडी मोडली म्हणून रागावलायस."

हे खरं होतं, की समोर उभ्या म्हाताऱ्या मित्राचं ओझं उतरवायला रंगप्पांनी त्या क्षणी रचलेलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. अण्णांनाही कळलं असेल असं वाटत नाही. ते खुर्चीत बसले. चिप्सचा डबा उघडायचा प्रयत्न करत राहिले, झाकण निघेना. रंगप्पांनी डबा त्यांच्या हातातून घेतला आणि उघडून दिला. पुढचे दोन तास कारखान्यातल्या मेलेल्या आणि जिवंत माणसांची नावं निघत राहिली. दोघं इतके हसले की आतून, सामान बांधायला आलेली मुलगी बघायला आली.

निघताना रंगप्पा काठी टेकत दारापर्यंत आले. अण्णांनी त्यांना म्हैसूरचा पत्ता कागदावर लिहून द्यायला लावला आणि तो शर्टाच्या खिशात ठेवून वरून दोनदा चाचपला.

परतताना ऊन तापलं होतं. अण्णांनी मागचा दांडा सोडला होता आणि एक हात माझ्या खांद्यावर हलकाच ठेवला होता. पुलाखालच्या सिग्नलला थांबलो. डावीकडे तळं चमकत होतं, काठावर पाणपक्षी बसले होते. घराचा रस्ता सरळ होता.

"ऋचा," मागून आवाज आला. हेल्मेटमुळे घुमल्यासारखा, आणि कुणी परवानगी मागावी तसा. "तुला घाई नसेल तर तळ्याला वळसा घालून जाऊ या का?"

मी डावीकडचा दिवा लावला.