बशीरभाईंचं तिकाटणं

बशीरभाई पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा त्यांनी आधी आमचं जेवणाचं टेबल दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. मग गुडघ्यावर बसून चारही पाय तपासले. मग खिशातून एक लाल टॅग काढला, त्यावर तारीख घातली, झोकात सही केली आणि तो टेबलाच्या एका पायाला तारेने बांधून टाकला.

"वयनी, वाईट वाटून घेऊ नका," ते माझ्या बायकोला म्हणाले, "पण ह्याच्यावर गरम आमटी ठेवू नका. डुगडुगतंय."

त्या दिवशी आम्ही सगळे जमिनीवर चटई घालून जेवलो. तो लाल टॅग अजून तिथेच आहे, कारण काढायची बायकोची हिंमत होत नाही.

राबिघच्या रिफायनरीत बशीरभाई परांच्या तपासतात. उंचावरचे पाइप दुरुस्त करायला लोखंडी नळ्यांची जी परांची उभी करतात, ती माणसाचं वजन पेलेल की नाही, हे ठरवणं त्यांचं काम. पेलेल तर हिरवा टॅग, नाही तर लाल. मी त्याच प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट विभागात आहे, मूळचा सांगलीचा. ते दाभोळचे, वीस-बावीस वर्षं सौदीत. लाल टॅग असलेल्या शिडीवर कुणी पाय ठेवला, तर बशीरभाई खालून "यल्ला, उतर!" असे ओरडतात की बंगाली असो, नेपाळी असो की खुद्द मॅनेजर असो, तो उतरतो.

इथवर ठीक होतं. पण हा गृहस्थ काम गेटवर सोडून येत नाही. टॅगचा गठ्ठा कायम शर्टाच्या खिशात, इकाम्याच्या म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याच्या शेजारी. न्हाव्याची खुर्ची, बँकेतला बाक, मशिदीबाहेरची चपलांची मांडणी, सगळं त्यांनी हलवून बघितलंय. ते घरी आले की माझी मुलगी आतून वर्दी देते, "बाबा, अंकल इज शेकिंग द फ्रिज अगेन." मी एकदा वैतागून म्हणालो, "बशीरभाई, फ्रिजवर कोण चढणार आहे?"

"टेकणार तर ना कोणीतरी? टेकायच्या आधी हलवून बघायचं, पाटीलसाहेब. मी एकदा न हलवता टेकलेला माणूस बघितलाय."

तो माणूस कोण आणि त्याचं पुढे काय झालं, हे ते सांगत नाहीत. त्यांचा चेहरा बघून मीही कधी विचारलं नाही. एवढं मात्र खरं की प्लँटच्या बाहेरच्या एकाही वस्तूला त्यांनी आजवर हिरवा टॅग दिलेला मी पाहिला नव्हता.

अशा माणसाच्या हाती शिकारीची दुर्बीण पडली, ती निव्वळ त्यांच्या तोंडामुळे.

आमचे सौदी इंजिनियर अबू फहद शिकारीचे भारी शौकीन. हिवाळा आला की गावाबाहेर वाळवंटात तंबू ठोकतात. गेल्या वर्षी त्यांनी आम्हा दोघांना तिथे जेवायला बोलावलं. तंबूसमोर ट्रायपॉडवर एक लांबलचक, एका डोळ्याने बघायची दुर्बीण होती. बशीरभाईंनी त्यातून पाहिलं. दूरच्या टेकाडावर एक उंट बसला होता, त्याच्या पापण्या दिसत होत्या. बशीरभाईंच्या तोंडून "माशाल्ला" निघालं. मग पुन्हा निघालं. मग ते थांबेचनात. मी त्यांचा शर्ट ओढत होतो, कारण इथे पाहुण्याने एखाद्या वस्तूची फार तारीफ केली, तर जुन्या वळणाचा यजमान ती त्याला देऊन टाकतो, हे मला ठाऊक होतं. बशीरभाईंना तर माझ्याआधी दहा वर्षांपासून ठाऊक होतं. पण भान कुणाला?

अबू फहद उठले. दुर्बीण फिरकी देऊन काढली आणि बशीरभाईंच्या मांडीवर ठेवली. "खलास. तुमची झाली."

आता नाही म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. राहिला ट्रायपॉड. तोही मिळाला असता. पण बशीरभाईंनी मधल्या वेळात तो हलवून बघितला होता आणि मोडक्यातोडक्या अरबीत यजमानांना स्पष्ट सांगितलं होतं की ह्याच्यात काही राम नाही. त्यामुळे दुर्बीण घरी आली आणि ट्रायपॉड तंबूत राहिला.

"पुन्हा जा आणि त्याचीही तारीफ करा," मी गाडीत म्हणालो.

"हलणाऱ्या वस्तूची तारीफ? मी आजपावेतो खोटी सही केलेली नाय."

तिथून जो शोध सुरू झाला, तो वर्षभर चालला. ट्रायपॉडला बशीरभाई तिकाटणं म्हणतात. शुक्रवार आला की आम्ही दीड-दोन तास गाडी हाकत जेद्दाला जायचो आणि शिकारीच्या सामानाचं एकेक दुकान पालथं घालायचो. बकरी ईदला बकऱ्याकडे पाठ करून उभा राहणारा हा माणूस कसली शिकार करणार, हे मला कळेना. विचारलं की म्हणायचे, "लांबचं बघायचंय." लांबचं म्हणजे काय, तर लांबचं.

त्यांची तपासणीची पद्धत आता मला पाठ झाली आहे. बरोबर सुलेमानी चहाचा थर्मास आणि काचेचा पेला. ट्रायपॉड पूर्ण उंच करायचा, माथ्यावर चहाने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा, पायाला टिचकी मारायची आणि चहावरचे तरंग विरेपर्यंत मोजत बसायचं. "साठपट मोठं दिसतं, तर थरथरही साठपट दिसणार ना?" हे त्यांचं गणित. अ‍ॅल्युमिनियमचे पाय सहापर्यंत जायचे, ते नापास. कार्बनचे चारला थांबायचे, पण बारीक पाच-पाच तुकड्यांचे असले तर तेही नापास. "तुकडे वाढले की सांधे वाढले, सांधे वाढले की डुगडुग आली." उंची वाढवायला मधला दांडा वर सरकवणं त्यांच्या लेखी गुन्हाच होता. एका सेल्समनने तो सरकवला, तर बशीरभाईंनी दुकानातल्या दुकानात "यल्ला, उतर!" अशी आरोळी ठोकली. तो हैदराबादी पोरगा बिचारा जमिनीवरच उभा होता, तरी दोन पावलं मागे सरला.

पायांचं जमलं की हेडचं अडायचं. हेड म्हणजे पायांच्या वरचा तो भाग, ज्यावर दुर्बीण बसते आणि फिरते. गोळ्यावर फिरणारं हेड त्यांनी पाच मिनिटांत मोडीत काढलं. "ढिला केला की मान टाकतो, आवळला की हलत नाय. ह्याच्याशी संसार कसा करायचा?" शेवटी त्यांना एक आतून तेलाच्या दाबावर फिरणारं हेड पसंत पडलं. लांब दांडी, मऊ चाल. "ही शाणी. ढकललं की जाते, सोडलं की थांबते." पण मग त्याला शोभतील असे पाय मिळेनात. दुकानातल्या ट्रायपॉडांना लाल टॅग बांधून आम्ही घरी यायचो. एका दुकानदाराने तर ते टॅग सेलचे समजून तसेच ठेवले आणि त्याचा माल संपला.

मग एका शुक्रवारी, असेच हात हलवत परत येताना, बशीरभाईंचा फोन वाजला. पलीकडे त्यांचा मुलगा सलीम होता. बशीरभाई नुसते "हां... हां... कधी?... हां" म्हणत होते. फोन ठेवला आणि मला म्हणाले, "गाडी बाजूला घ्या."

मी घेतली. समोरच्या काचेतून बघतच ते सांगू लागले. सलीम तेलाच्या जहाजावर आहे. बापाची वर्षाची रजा आणि पोराची रजा चार वर्षांत एकदाही जुळलेली नाही. हे दाभोळला जातात तेव्हा तो समुद्रावर, तो दाभोळला येतो तेव्हा हे परांचीखाली. मागच्या वर्षी, दुर्बीण मिळायच्या आधी, त्याचं जहाज आमच्याच राबिघसमोर दोन दिवस नांगर टाकून उभं होतं. जहाजावरच्या माणसांना किनाऱ्यावर उतरायची परवानगी नाही, आणि बशीरभाईंचा पास धक्क्यापर्यंत चालत नाही. पोरगा चार-पाच किलोमीटरवर होता आणि बाप किनाऱ्यावर उभा राहून काडेपेटीएवढ्या जहाजाकडे बघत होता.

"त्यावर मुंग्यांसारखं कायतरी दिसायचं, पाटीलसाहेब. त्यातला माझा कुठला, ते कळंना."

वाळवंटातल्या तंबूत त्यांच्या तोंडून सुटलेल्या त्या माशाल्लांचा अर्थ मला तेव्हा लागला. वर्षभर त्यांची टिंगल केल्याची लाज वाटली.

"आता परत येतंय जहाज. पंधरा दिवसांत," ते म्हणाले. "आणि तिकाटणं नाय."

मी गाडी तिथेच वळवली. ज्या दुकानातून निघालो होतो, तिथे परत गेलो. सगळ्यात जाड पायांचं, तीनच तुकड्यांचं, पक्षी बघणाऱ्या कुणीतरी मागवून न नेलेलं एक अवजड कार्बनचं तिकाटणं मागच्या खोलीत पडलं होतं. त्यावर ते शहाणं हेड चढलं, पेला चढला, टिचकी बसली. चहा दोन मोजायच्या आत शांत झाला. दुकानदाराने श्वास सोडला. बशीरभाईंनी लाल टॅगच काढला.

"आता काय?" मी जवळजवळ किंचाळलो.

"वाऱ्यात बघायचंय अजून," असं म्हणत त्यांनी पैसे मात्र मोजले.

जहाज आलं तो दिवस मी विसरणार नाही. ऊन चढलं की समुद्रावर हवा उकळल्यासारखी हलते, म्हणून पहाटेची फजरची नमाज आटोपून लगेच निघायचं ठरलं होतं. रिफायनरीच्या दिशेने दुर्बीण लावणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. तेव्हा बशीरभाईंनी आठवडाभर आधी अबू फहदना मध्ये घालून किनारा रक्षकांची परवानगी काढली होती. तरी एक शिपाई सोबत आलाच, आणि अबू फहदही आले. वाऱ्याला तोंड द्यायला तिकाटण्याच्या पोटाखाली वजन टांगायचं होतं, त्यासाठी बायकोने घरातली दहा किलो बासमतीची पिशवी दिली होती. तर असे आम्ही तिघं: मी, बंदूकवाला शिपाई आणि अबू फहद, वाळूवर ओळीने मांडी घालून बसलेलो, कारण आमच्या चालण्याने जमीन हलेल म्हणून बशीरभाईंनी आम्हाला उठायची बंदी केली होती. समोर तीन पायांवर उभी दुर्बीण आणि तिच्याखाली लोंबणारा तांदूळ. शिपायाने एकदा पाय मोकळे केले, तर त्यालाही ओरडा बसला.

सलीम ठरल्या वेळी जहाजाच्या पुढच्या टोकाला येणार होता. बशीरभाईंनी डोळा लावला. दांडी धरली. क्षणभराने म्हणाले, "हलतंय."

"हलतंय ओ! सगळं हलतंय!" त्यांचा आवाज चिरकला. "इतकं करून हलतंय!"

मी परवानगी न विचारता उठलो आणि डोळा लावला. चित्र भिंतीवर टांगल्यासारखं स्थिर होतं. हलत होता तो दांडीवरचा त्यांचा हात. डोळा तर पाण्याने भरला होता, त्यातून काय दिसणार?

"बशीरभाई, तिकाटणं पक्कं आहे," मी हळूच म्हणालो. "तुम्ही जरा बसा."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात सोडला आणि ते मटकन वाळूत बसले. "तुम्हीच बघा. सांगा मला."

मी सांगू लागलो. नारिंगी बॉयलर सूट. हेल्मेट काखेत. दाढी ठेवलीय.

"दाढी? सांगितलं नाय मला. बारीक झालाय?"

"थोडासा."

"जेवत नसंल वेळेवर. एकटाच हाय?"

"एकटाच. आता कठड्याकडे येतोय."

बशीरभाई ताडकन उठले. "टेकतोय? हलवून बघितलान का आधी? पाटीलसाहेब, सांगा! हलवून बघितलान?"

मी बघत होतो. तो पोरगा कठड्याशी आला. त्याने हेल्मेट खाली ठेवलं. दोन्ही हातांनी कठडा धरला आणि एकदा, दोनदा, गदागदा हलवला. मग वाकून खालचे सांधे बघितले. मग टेकला, आणि किनाऱ्याच्या दिशेने हात हलवू लागला.

मी ते जसंच्या तसं सांगितलं. बशीरभाईंनी खिशातला गठ्ठा काढला, लालमधून शोधून शोधून एक हिरवा टॅग वेगळा केला, त्यावर सलीमचं नाव लिहिलं, तारीख घातली, सही केली. सही वाकडी आली. मग तो कशाला बांधावा ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी तो शर्टाच्या खिशात, इकाम्याच्या मागे ठेवला आणि वरून खिशाचं बटण लावलं. "सरा आता," ते मला म्हणाले, "हात थांबला माझा." आणि त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला.